साडेसात फुलं

२८ सप्टेंबर १९३१, सोमवार

धप्. मग एक श्वासभर काहीच नाही. मग धप्-धप्.

थेआ अंगणात दोरीवरची जाजमं झोडपत होती. मी खिडकीशी साखरेचा खडा दातांत धरून कॉफी पीत होतो, आणि एकाएकी आईचा माग ऐकू आला. त्रेसष्ट वर्षांपूर्वीचा. ओंडक्यांचं एका खोलीचं घर, त्यातली अर्धी जागा मागाची. बाबा हिवाळाभर उत्तरेला लाकूडतोडीच्या तळावर. मी सात वर्षांचा. मागाखाली मेंढीच्या कातड्यावर निजायचो. डोक्यावर ताण्याचं आभाळ, आणि फणीचा प्रत्येक ठोका आधी जमिनीत, मग माझ्या बरगड्यांत. नॉर्वे सोडून, समुद्र ओलांडून विस्कॉन्सिनच्या या दरीत आलो त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. समुद्र मला आठवत नाही. हा ठोका आठवतो.

कॉफी गार झाली. हल्ली मी पोचेपर्यंत सगळंच गार झालेलं असतं.

दुपारी पाद्रीणबाई आल्या. पुढच्या महिन्यात पंचवीस तारखेला मंडळीला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होतात. ओढ्याचं चर्च आणि टेकडीचं चर्च मिळून पहिल्यांदाच एक सोहळा करणार. जुन्या वस्तू मांडायच्या आहेत.

"आन्फिनकाका, वेदीशेजारच्या भिंतीवर तुमच्या आईंची, सिन्नेवाबाईंची पासोडी लावायची. सगळ्यांचं त्यावर एकमत आहे. आमच्या मंडळीत एवढ्यावर तरी एकमत झालंय, तेव्हा नाही म्हणू नका. आणि एक कविता तुमची. तीस उन्हाळे चर्चच्या शाळेत पोरांकडून पाठ करून घेतल्यात, आता स्वतःची वाचा."

मी हो म्हणालो. दोन्हींना.

त्या गेल्यावर थेआ हात पुसत आत आली. माझी मुलगी छत्तीस वर्षांची आहे, सोळा गाई सांभाळते आणि शब्द मोजून वापरते.

"बाबा, अख्खी पासोडी म्हणाल्या त्या."

"हो."

"आपल्याकडे अर्धी आहे."

"अर्धी गुरोकडे आहे."

"आत्याशी तुम्ही सत्तावीस वर्षं बोलला नाहीत."

"पत्र लिहीन," मी म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली. गाईला ताप आहे का ते बघते, तसं.

३० सप्टेंबर, बुधवार

पेटीतून माझी पट्टी काढली. नीळ अजून निळीच आहे. मंजिष्ठेचा लाल तेवढा विटांसारखा झालाय. आठ पाकळ्यांची सात फुलं, एकाखाली एक. नाक खुपसलं. तंबाखूचा वास आला, पेटीत थेआनं कसरीसाठी पानं घातलीत म्हणून. आईचा वास आला नाही. शोधत बसलो तेवढ्यात पाय आखडले.

आईचा माग अरुंद होता. पासोडी दोन पट्ट्यांत विणायची आणि मध्ये शिवायची. दोन्हीकडची फुलं शिवणीवर गळाभेट घेतात तशी भेटली पाहिजेत, नाहीतर विणणारीची लाज जाते. त्यासाठी आईजवळ एक काठी होती, बरोबर एका फुलाच्या लांबीची. फूल संपलं की काठी लावून बघायची, मग पुढचं.

माझी पट्टी सात फुलांची. गुरोच्या पट्टीत सात फुलं आणि खाली आठव्याचं अर्धं. शिवणीवर पहिलं फूल नीट भेटायचं, दुसरं जरा चुकायचं, आणि खाली खाली जाता एकमेकांना ओळखही देईनाशी व्हायची. बाप्तिस्म्याला, लग्नाला, आजारपणाला हीच पासोडी घरात वापरली जायची, आणि आलेली प्रत्येक बाई आधी शिवणीकडे बघून मग आईकडे बघायची. आई काही बोलत नसे. दुसरी पट्टी विणताना गुरो अकरा वर्षांची होती आणि आईच्या शेजारी फळीवर बसायची. तिचीच लुडबुड असणार. हे मी लहानपणापासून सगळ्यांना सांगत आलो आहे.

ती काठी अजून आहे. थेआ तिच्यावर स्वयंपाकघराची खिडकी टेकवून ठेवते. मध्ये मोडलेली आहे आणि लोकरीच्या दोऱ्यानं घट्ट बांधलेली. कधी मोडली देव जाणे. मी गंमत म्हणून ती माझ्या पट्टीला लावली. लागेना. फूल काठीपेक्षा बोटभर लांब. दुसरं लावून बघितलं, तेही. सातही फुलं बोटभर लांब. लोकर ताणली गेली असणार. त्रेसष्ट वर्षांत माणूस आखडतो, लोकर ताणते.

तेवढ्यात आतून थेआ ओरडली, "बाबा! तळघराची झडप पुन्हा उघडी! बटाटे काढायला गेलात आणि तशीच टाकून आलात. कुणीतरी पाय मोडून घेईल एक दिवस."

"लक्षात नाही राहिलं."

"तुमच्या कधीच लक्षात राहत नाही."

खरं आहे. लहानपणापासूनची खोड. आई यावरून कधी रागावली नाही. गुरोनं मात्र एकदा अशी कानाखाली दिली होती की दोन दिवस त्या बाजूला झोपता येईना. कशासाठी ते आठवत नाही.

३ ऑक्टोबर, शनिवार

पत्राला बसलो, पण आधी हे लिहून काढावं, म्हणजे मन मोकळं होईल.

देव माणसाला जन्माआधीच निवडतो, की त्याची श्रद्धा आधी पाहून मग निवडतो? याचं उत्तर देवाला ठाऊक. आमच्या दरीत त्यावरून लग्नं मोडली, कुंपणं उभी राहिली, आणि एका चर्चची दोन झाली. आम्ही ओढ्याचे. गुरो लग्न करून टेकडीच्या लोकांत गेली. बाबा गेल्यावर आई शेवटची सहा वर्षं गुरोकडे होती, आणि गुरो नेईल त्या चर्चला जायची. दोन्हीकडची बाकं सारखीच टणक आहेत, म्हणायची.

१९०४च्या फेब्रुवारीत आई गेली. शवपेटी घसरगाडीवर ठेवली, वर रीतीप्रमाणे पासोडी. रस्त्याचा फाटा आला: डावीकडे ओढा, उजवीकडे टेकडी. मी म्हणालो, प्रार्थना आमच्याकडे, बाबांशेजारी. गुरो म्हणाली, आई ज्या बाकावर बसायची तिथे. घोडे उभे राहून वाफा सोडत होते. अखेर गाडी टेकडीकडे वळली. बर्फ पडायला लागलं होतं, म्हणून मी पासोडी उचलून घडी केली आणि काखेत धरली. ओली झाली असती. लोकांनी त्याचा नको तो अर्थ काढला.

चार दिवसांनी वाटणी झाली. सांध्याची शिवण उसवली, एक पट्टी तिला, एक मला. निवड मी आधी केली, मुलगा म्हणून. सरळ पट्टी घेतली. त्यावर गुरो एक शब्द बोलली नाही, आणि आजतागायत बोललेली नाही.

चौदा वर्षांपूर्वी वरच्या मोठ्या लोकांनी बसून दोन्ही मंडळ्या एक केल्या. कागदावर. तोपर्यंत गुरो मुलाबरोबर पलीकडच्या खोऱ्यात राहायला गेली होती, इथून वीस मैल. वीस मैल म्हणजे काही समुद्र नव्हे. पण मीही गेलो नाही.

६ ऑक्टोबर, मंगळवार

पत्र टाकलं. चार खर्डे फाडले तेव्हा सूर जमला. इथे उतरवून ठेवतो, कारण बरं जमलंय:

"प्रिय गुरो, पानं गळण्याच्या या ऋतूत तुझी आठवण येते. आपण दोघं आता फांदीवरची शेवटची दोन पानं. पंचवीस तारखेला दोन्ही चर्चचा सोहळा आहे आणि आईची पासोडी पुन्हा एक व्हावी अशी सर्वांची इच्छा आहे. तुझी पट्टी दुधाच्या ट्रकवाल्या एडविनबरोबर पाठवावीस. ती वाकडी आहे हे मनाला लावून घेऊ नकोस. तू लहान होतीस. आम्ही ती जरा अंधाऱ्या बाजूला लावू आणि खालचं अर्धं फूल दुमडून घेऊ, म्हणजे कुणाच्या लक्षात येणार नाही. जुनं विसरून गेलो आहे. तुझा भाऊ, आन्फिन."

थेआला वाचून दाखवलं. तिनं बटाट्याच्या पोळ्या, लेफ्सा, लाटणं थांबवलं नाही.

"पाठवलंत?"

"पाठवलं."

"मग आता विचारून काय उपयोग?"

९ ऑक्टोबर, शुक्रवार

कविता सुचते आहे. ठोक्यापासून सुरुवात:

धप् म्हणे माग, धप्-धप् म्हणे आई,
लेकराला नीज यावी, धाग्याला ना घाई.

मग त्या हिवाळ्याच्या मध्यावर काहीतरी झालं होतं, ते कवितेत आणायचं आहे. ठोका बदलला. आधीचा दुहेरी ठोका गेला आणि नुसता एक, मऊ, बऱ्याच वेळानं येणारा. आई मला झोप लागावी म्हणून हळू विणायला लागली असणार. खांद्यावरून शाल अशी बांधायची की डावा हात आतच. फार थंडी होती ती.

थेआ ऐकत होती. "आजी एका हातानं विणायची?"

"हात शालीत असायचा. थंडी."

"विणताना?"

"थेआ, कवितेला असले प्रश्न विचारत नाहीत."

"मी कवितेला नाही विचारलं," ती म्हणाली आणि धारा काढायला गेली.

शेवटचं कडवंही झालं:

आलं दुकानी कापड, सरला तिचा शीण,
मिटुनि ठेवला धोटा, पुरी झाली वीण.

ती पासोडी आईनं विणलेली शेवटची. वसंतात माग विकला. त्याच सुमारास खाली गावात दुकान निघालं होतं, छापील कापड मिळायला लागलं. बिचारी सुटली, असं मला नेहमी वाटत आलंय. गावाकडे, नॉर्वेत, तिच्या विणीला तीन तीन पाड्यांतून मागणी होती म्हणे. इथे मिळतंय तर कोण कशाला कष्ट करील.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

धुकं. तंबाखू उतरवायला असाच दिवस लागतो, कोरड्या हवेत पानं चुरा होतात. थेआ आणि शेजारचे दोघं पहाटेपासून कोठारात. मी खाली उभा राहून पानं टांगलेल्या काठ्या घ्यायचं काम करतो म्हणालो. वीस काठ्यांनंतर थेआनं मला खोक्यावर बसवलं. बसलो. हाताला काळा चिकट डिंक, पाठीत कळ. सत्तर वर्षांचा आहे. आज त्याहून जुना वाटलो.

रस्त्याकडेच्या पत्रपेटीपर्यंत दोन खेपा घातल्या. गाईच्या औषधाची जाहिरात आली आहे.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

गुरोचं उत्तर आलं. तसंच्या तसं उतरवतो. का, ते कळत नाही. कदाचित हात चालू राहिला की वाचताना होतं ते कमी होतं म्हणून.

"आन्फिन,

पत्र पोचलं. अक्षर अजून सुंदर आहे. पट्टी पाठवणार नाही. ती माझ्या शवपेटीवर घालायची आहे आणि मुलाला तसं सांगून ठेवलंय. मी चालत नाही, दोन काठ्यांवर घरातल्या घरात फिरते, तेव्हा येण्याचाही प्रश्न नाही.

आईनं मला शपथ घातली होती. ती जाऊन सत्तावीस वर्षं झाली, आणि तू माझ्या पट्टीला अंधाऱ्या बाजूला लावायला निघालास, तेव्हा आता शपथ पुरे.

तू सात वर्षांचा होतास. जानेवारी महिना. आईनं तुला तळघरातून सलगम आणायला सांगितलं. तू वर आलास, सलगम टेबलावर ठेवलास आणि झडप उघडी टाकून बाहेर बर्फाचे सुळे बघायला गेलास. आई मागावरून उठली, हातात काठी, फूल मोजत मोजत मागे सरकली, आणि गेली खाली. डावा खांदा निखळला आणि हात दोन ठिकाणी मोडला. बाबा उत्तरेला. सर्वांत जवळचा डॉक्टर तीस मैल. शेजारच्या म्हातारीनं ओढून बांधला. तो पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही. तुला तिनं सांगितलं, थंडी वाजते.

मी तुला कानाखाली दिली ती त्या संध्याकाळी. तेव्हा आईनं मला जवळ घेऊन शपथ घातली. पोर आहे, म्हणाली, जन्मभर डोक्यावर घेऊन फिरेल.

पहिली पट्टी तोवर झाली होती. ती तुझ्याकडे आहे. दुसरी आम्ही दोघींनी विणली. धोटा ती टाकायची, फणी मी ओढायची. काठी पडताना मोडली होती. मी ती दोऱ्यानं बांधली, एकावर एक चढवून. म्हणजे ती बोटभर आखूड झाली. अकरा वर्षांच्या पोरीला एवढं कुठलं कळायला. तिसऱ्या फुलाला आईच्या लक्षात आलं. मी रडायला लागले, म्हटलं, उसवूया. ती म्हणाली, राहू दे, उसवायला दोन हात लागतात.

तेव्हा माझी पट्टी वाकडी नाही. ती काठी तुझ्याकडे असेल तर माझ्या पट्टीला आणून लाव. सातही फुलं काठीला लागतील. साडेसातही.

वसंतात माग विकला तो दुकानामुळे नव्हे.

आणि फाट्यावर तू आईला उघडी केलीस, ते मी विसरलेले नाही. तू विसरलास असं तूच लिहितोस, ते बरं आहे.

गुरो."

१७ ऑक्टोबर, शनिवार

त्या दिवशी बर्फ पडत नव्हतं. स्वच्छ ऊन होतं. मागे लिहिलं ते खोटं आहे.

१९ ऑक्टोबर, सोमवार

दोन दिवस सलगम आठवायचा प्रयत्न करतो आहे. सुळे आठवतात. छपराच्या कडेला, मोठ्यापासून लहानापर्यंत उतरत गेलेले, आणि एकाच्या आत अडकलेलं पान. मी त्याला तोंडानं वाफ देत होतो. आतून काही आवाज आला होता का? आला असेल. मला पान आठवतं.

एवढं सगळं जपून ठेवलं, ताण्याचं आभाळ, बरगड्यांतला ठोका, आणि जे घडलं ते तेवढं नेमकं गाळलं. तीस उन्हाळे पोरांना सांगितलं की कविता म्हणजे नीट पाहणं.

थेआला पत्र वाचायला दिलं. तिनं उभ्यानं वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं.

"तुम्ही सात वर्षांचे होता, बाबा."

"फाट्यावर त्रेचाळीस वर्षांचा होतो."

तिनं पत्राची घडी केली. म्हणाली, "चर्चमध्ये अर्धीच लावू. जेवढी आहे तेवढी."

"नाही लावायची."

"पाद्रीणबाई—"

"त्यांना मी सांगेन," म्हणालो. सांगितलं मात्र नाही. दमलो आहे. आज उठून बूट घालायला दोनदा बसावं लागलं.

शेवटचं कडवं खोडलं. मग वरचंही. लेकराला नीज यावी म्हणे!

२१ ऑक्टोबर, बुधवार

पट्टी कागदात गुंडाळली, वर सुतळी. काठी खिडकीतून काढली. खिडकी धाडकन आपटली आणि थेआ दचकली. फाटकाशी एडविनच्या ट्रकची वाट पाहत उभा राहिलो. दुधाचे डबे चढवता चढवता त्यानं पुडकं हातात तोललं.

"काय आहे आन्फिनकाका, मेंढी?"

"जवळजवळ. पलीकडच्या खोऱ्यात आमच्या बहिणीकडे पोचवायचं."

"गुरोआजीकडे? बापरे. परवा त्यांच्या दारात डबा जरा जोरात ठेवला तर काठी उगारली मला. एक काठी उगारली आणि दुसरीवर उभ्या राहिल्या. मानलं बुवा."

"ही तिसरी दे तिला."

"म्हणजे मला मार खायला मीच काठी नेऊ?" तो हसला आणि पट्टी डब्यांपासून दूर, स्वतःच्या शेजारी पुढे ठेवली. ते मला बरं वाटलं.

सोबत चिठ्ठी. चार खर्डे नाही केले. "गुरो, ही तुझ्याकडे असू दे. काठीही. तुझ्या पेटीवर दोन्ही घाल. आईला मी उघडी पाठवली. ऊन होतं. आन्फिन."

ट्रक वळणावर दिसेनासा झाला तेव्हा वाटलं, परत बोलवावा. सत्तावीस वर्षं पेटीत होती. रोज थोडीच बघत होतो, पण होती.

२५ ऑक्टोबर, रविवार

सोहळा झाला. ओढ्याच्या चर्चमध्ये दोन्हीकडचे लोक, बसायला जागा नाही. चरखे, एक पलंगपोस, कुणाचा तरी लाकडी वाडगा, समुद्रावरून आलेल्या रंगीत पेट्या. वेदीशेजारच्या भिंतीवर चार खिळे आणि खाली सुंदर अक्षरात कागद: सिन्नेवा यांची पासोडी. मी आत गेल्यावरच पाद्रीणबाईंना सांगितलं. त्यांनी खिळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "निदान कविता तरी आणलीत ना?"

नाव पुकारलं. उभा राहिलो, समोरचं बाक धरून. म्हणालो, "ही पासोडी माझ्या आईनं विणली. एक पट्टी दोन हातांनी, दुसरी एका हातानं. दुसरी पट्टी वाकडी आहे आणि ती माझ्या बहिणीनं वाकडी केली, असं मी तुम्हाला सगळ्यांना कधी ना कधी सांगितलंय. ते खरं नाही. तळघराची झडप मी उघडी टाकली होती. आई पडली. त्यानंतर तिला विणता आलं नाही." एवढं बोलून बसलो. कविता तेवढीच झाली.

मागे एक बाळ रडत होतं. मग पाद्र्यांनी घाईनं स्तोत्राचा आकडा सांगितला.

कॉफीच्या वेळी लोक माझ्याशी हवापाण्याबद्दल बोलले. टेकडीकडची एक म्हातारी, नाव ठाऊक नाही, माझ्या बशीत न विचारता दुसरी लेफ्सा ठेवून गेली. "आमच्याकडे झडप नव्हती, विहिरीचं झाकण होतं," एवढंच म्हणाली.

घरी येताना फाट्यावर थेआनं गाडी आपण होऊन हळू केली.

२९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळपासून अंग जड. काही करायचं नव्हतं आणि तेही होत नव्हतं. खिडकी आता कशावर टेकवायची, म्हणून थेआनं सरपणातली एक ढलपी लावली आहे. ती राहत नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला ट्रकचा आवाज आला. एडविन सकाळी येऊन गेला होता, म्हणून मला वाटलं डबा विसरला असेल. उठलो नाही. बाहेर तो कुणालातरी विनवत होता, "थांबा, थांबा, मी धरतो, अहो तुमचा मुलगा माझी कातडी सोलेल," आणि त्यावर एक आवाज, "तू ते पुडकं धर. मला काय धरतोस? मी काय दूध आहे?"

पायऱ्यांवर काठी वाजली. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरी काठी, आणि पाय.

थेआनं दार उघडलं. मी खुर्चीतून उठेपर्यंत नेहमीचा वेळ गेला.

दारात गुरो उभी होती. माझ्या मनातल्यापेक्षा वीतभर बुटकी, डोक्याला काळा रुमाल, वीस मैल ट्रकमध्ये हादरून चेहरा पांढरा पडलेला. मागे एडविन, त्याच्या काखेत कागदाचं पुडकं, आधीच्या दुप्पट जाड, आणि सुतळीत खोचलेली आईची काठी. गुरोच्या कोटाच्या कॉलरला दोरा ओवलेली सुई टोचलेली होती.

मी खुर्चीची पाठ धरून उभा राहिलो.

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं, मग माझ्या मागे स्वयंपाकघराच्या जमिनीकडे. उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही.

"आत येते," ती म्हणाली. "आधी झडप लाव."

मी वळून बघितलं. उघडीच होती.